खडूच्या खुणा

"काकू, डावं पाऊल रेघेच्या बाहेर गेलंय."

तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पोरांना खडूने रेघ मारून ओळीत उभं केलं. आता ५८ व्या वर्षी एका वीस-एकवीस वर्षांच्या पोरीने माझ्या पावलांभोवती खडू फिरवला होता आणि ती मला आत राहायला सांगत होती. मी गुपचूप पाऊल आत घेतलं.

याला कारण शेजारचा पोरगा. तो इथेच, कोल्हापुरात, एका कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. त्यांच्याकडे पोर्ट्रेटला बसणारे एक आजोबा ठरलेले. पांढऱ्या मिशा, गुलाबी फेटा, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. पोरांच्या भाषेत 'कॅरेक्टर'. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि इकडे परीक्षेचं काम तोंडावर. पोरगा संध्याकाळी पायरीवर येऊन बसला. "काकू, पाच दिवस येताय का? काय करायचं न्हाई, निस्तं बसायचं." दिवसाचे सहाशे रुपये. रिटायर झाल्यापासून निस्तं बसायचं काम मी फुकटातच करत होते, म्हटलं चला.

पुण्याला लेकीला फोन केला. "मॉडेल? तू?" असं म्हणून ती आधी पोट धरून हसली, मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "कपडे घालूनच ना गं?"

कपडे घालूनच. पण कुठले, यावरूनच पुढचं सगळं घडलं.

मी सावळी आहे. 'सावळी' हा शब्दही लोक मला बरं वाटावं म्हणून वापरतात, सरळ काळी म्हणायला हरकत नाही. १९८७ साली स्थळांना पाठवायला माझा फोटो काढला. फोटोग्राफरने आधी गालांवर पावडर थापली, आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून प्रिंटवर हाताने सफाई केली. फोटो हातात आला तेव्हा आईने बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "छान आलाय." तो माझा फोटो नव्हता. नाकाची कड पुसून गेली होती, गळा आणि चेहरा दोन वेगळ्या बायकांचे वाटत होते. पण त्या फोटोवर लग्न जमलं. तेव्हापासून एक नियम अंगात मुरला: काळ्या माणसाने फिकं नेसावं. बिस्किट रंग, पिस्ता, फिका गुलाबी, अबोली. कपाट उघडलं की मिठाईचं दुकान उघडल्यासारखं वाटायचं. काळी साडी वर्षातून एकदा, संक्रांतीला, कारण त्या दिवशी कुणी काही म्हणू शकत नाही.

सरांनी निरोप पाठवला होता की दोन-तीन साड्या घेऊन या. मी एक बिस्किट सिल्क घेतली, एक हिरवी सेमी पैठणी घेतली, आणि पिशवीत जागा उरली म्हणून आईचं जुनं इरकली लुगडं टाकलं. काळी चंद्रकळा, नऊवारी. आई गेल्यापासून ते ट्रंकेत होतं, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

सरांनी एकेक साडी माझ्या खांद्यावर टाकली आणि मला उत्तरेच्या खिडकीपाशी उभं केलं. दुकानातले लोक आरशासमोर साडी अंगावर टाकतात तसंच, पण दुकानातला माणूस साडीकडे बघतो. सर साडीकडे बघतच नव्हते. डोळे बारीक करून माझ्या गालाकडे बघत होते. बिस्किट खांद्यावर असताना म्हणाले, "हं." पैठणीला काहीच बोलले नाहीत. चंद्रकळा टाकली तशी मागे तीन पावलं गेले आणि वर्गाला हाक मारली, "या रे इकडं. कातडी बघा कशी पेटली."

मला वाटलं चेष्टा चाललीय.

मग त्यांनी बिस्किट आणि काळी अशा दोन्ही दोन खांद्यांवर टाकल्या आणि कुणीतरी हातात आरसा दिला. खोटं सांगत नाही, एकाच चेहऱ्याच्या दोन बाजू दोन रंगांच्या दिसत होत्या. बिस्किटाच्या बाजूला गाल करपल्यासारखा. काळ्याच्या बाजूला तांब्याची घासलेली कळशी असते ना, तसा. सर पोरांना सांगत होते की यात जादू काही नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबेलिन्स कारखान्यात, जिथे भिंतीवरचे गालिचे विणायचे, तिथे शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचा प्रमुख होता. तक्रार आली की तुमचा काळा रंग फिका पडतो. त्याने रंग तपासला तर रंगात दोष नव्हता. काळ्याच्या शेजारी जे निळे-जांभळे धागे विणले होते त्यांच्यामुळे काळा मेलेला दिसत होता. रंग एकटा कधी दिसतच नाही, शेजाऱ्यासकट दिसतो. गडद वस्तू फिक्याशेजारी ठेवली की आणखी गडद दिसते, अतिगडदाशेजारी ठेवली की उजळते. पोरांनी वहीत लिहून घेतलं. मी खिडकीत उभी राहून गेल्या छत्तीस-सदतीस वर्षांत घेतलेल्या साड्या मोजत होते.

नऊवारी ठरली, पण मला ती नेसता कुठे येते? लग्नात नेसवली होती, त्यानंतर हळदीकुंकवाला शिवलेली घालायची. शिवलेली चालेल का, असं विचारलं तर सरांनी कानांना हात लावले. "ताई, शिवलेल्या साडीला इस्त्रीच्या घड्या असतात. मला चुण्या पाहिजेत."

तेव्हा गल्लीतल्या आक्कांकडे गेले. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, आयुष्यात पाचवारी नेसल्या नाहीत. त्यांनी लुगडं हातात घेतलं, पदराकडे नेऊन बोटाने चाचपलं आणि म्हणाल्या, "टोप पदर हाय. हितं जोड हाय बघ." मी पहिल्यांदा नीट बघितलं. इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी. पदराचे ताणे वेगळे असतात, ते अंगाच्या ताण्यांत एकेक फास अडकवून जोडलेले असतात आणि मग त्यावरून विणत जायचं. काळं संपतं आणि लाल सुरू होतं तिथे, कुंकवाच्या पदरावर पांढरे देवळाचे कळस. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावात हे काम चालतं. आईच्या अंगावर मी हे लुगडं शंभरदा बघितलं असेल, त्यात फास आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

आक्कांनी मला खांबासारखी उभी केली. कमरेशी गच्च गाठ मारली ("ही सैल पडली की वर्गात पंचाईत"), पदर खांद्यावर टाकून राहिलेल्याच्या निऱ्या घातल्या, मधलं टोक पायांतून मागे ओढून कासोटा खोचला, पुढे ओच्याचा गोळा बसवला. परकर नाही, पिन नाही. आठ मीटरच्या वर कापड एका गाठीवर उभं. पहिल्यांदा चालून बघितलं तेव्हा जाणवलं की पाय मोकळे आहेत. पाचवारीत मी आयुष्यभर अर्धं पाऊल टाकत आले होते. आक्का म्हणाल्या, "आता कुटं शाणी झालीस."

चोळी खणाची, गुळेदगुड्डचा खण, तीही आईचीच. दंडात जरा घट्ट झाली होती. दागिने मी उत्साहाने सगळे घातले होते: साज, ठुशी, बुगड्या, नथ. सरांनी सगळे उतरवायला लावले. ठुशी तेवढी ठेवली. मला वाईट वाटलं. साज सराफांच्या गुजरीतून आईने लग्नात करून घेतलेला, तो चित्रात यावा असं मनात होतं. "साज घातला की पोरं साज काढत बसतात, चेहरा तसाच राहतो," म्हणाले.

आता बसण्याविषयी. निस्तं बसायचं म्हणाला होता तो पोरगा, त्याला पाप लागेल. एका लाकडी चौथऱ्यावर खुर्ची, शरीर जरा उजवीकडे, मान डावीकडे, उजवा हात मांडीवर, डावा खुर्चीच्या हातावर. 'थ्री-फोर्थ' म्हणतात त्याला. पंचवीस मिनिटं बसायचं, पाच मिनिटं सुट्टी, असं दहा ते एक. पहिल्या पाच मिनिटांत नाकाच्या शेंड्याला खाज येते. येतेच. दहाव्या मिनिटाला डावा पाय झोपतो. पंधराव्या मिनिटाला आठवतं की गॅस बंद केला की नाही. त्यानंतर मान आपोआप उतरायला लागते आणि आपल्याला पत्ताही नसतो. समोरच्या एका पोराने माझ्या नाकाची आणि मागच्या स्विचबोर्डाच्या कडेची ओळ धरून ठेवली होती. दर थोड्या वेळाने तो हळूच म्हणायचा, "काकू, हनुवटी." मी हनुवटी उचलायची. दुसऱ्या दिवशी जेवून आल्यासारखी सुस्ती आली आणि मी चक्क डुलकी काढली. जाग आली तर बारा जण ब्रश खाली ठेवून शांतपणे वाट बघत होते. शाळेत माझ्या तासाला कुणी झोपलं की मी खडू फेकून मारायची.

बारा जणांनी आपल्याकडे तीन-तीन तास बघायचं, हा प्रकार पहिल्या दिवशी सोसवेना. बाईकडे बघितलं जातं ते कशासाठी, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. त्यामुळे नजर आली की पदर सावरायचा, पोट आत घ्यायचं, हसरा चेहरा करायचा, हे हात-पाय आपोआप करतात. मी हसरा चेहरा केला. सर म्हणाले, "ताई, हसू पंचवीस मिनिटं टिकत नाही. सोडून द्या." ते सोडायलाच दीड दिवस गेला. मग लक्षात आलं की ही पोरं मला बघतच नाहीयेत. ब्रशचा दांडा हात लांब करून धरतात, एक डोळा मिटतात, अंगठा सरकवून कपाळ ते भुवई, भुवई ते नाक असं अंतर मोजतात, आणि पुटपुटतात. त्यांच्या तोंडी 'छान' आणि 'वाईट' हे शब्द नव्हते. 'इथं टोन डाउन आहे', 'हा प्लेन वळतोय', 'कानामागं कूल कर.' माझ्या गालाला 'प्लेन', म्हणजे पृष्ठभाग, म्हणत होते. मला ते फार आवडलं. इतकी वर्षं माझा गाल नुसता काळा होता, आता तो भूगोल झाला होता.

सुट्टीत मी कॅनव्हासांमागून फिरायची. टर्पेंटाइनचा वास डोक्यात चढायचा, पण मजा यायची. पोरांच्या पॅलेटवर कातडीचा म्हणून एकही रंग नव्हता. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, पांढरा, थोडा हिरवा व्हिरिडियन, थोडा निळा. ज्या पोरीने खडूची रेघ मारली होती तिने माझ्या जबड्याखाली एक पिवळा फटकारा मारला होता. म्हटलं, हे काय? इथे मला कावीळ झालीय का? ती म्हणाली, "ठुशी हाय की ती. सोन्याचा उजेड वर पडतोय. आरशात बघा." बघितलं. खिडकीचा उजेड ठुशीच्या मण्यांवर पडून हनुवटीच्या खालच्या अंगाला खरोखर पिवळी झळ येत होती, हळदीचं बोट पुसल्यासारखी. ठुशीच का ठेवली आणि साज का उतरवला, ते मला तेव्हा कळलं. साज छातीवर लोंबतो. ठुशी गळ्याला बिलगलेली, तिचा उजेड थेट चेहऱ्याला मिळतो. जुन्या बायकांना टोन-प्लेन माहीत नसेल, पण ही गोष्ट त्यांना माहीत असणार. उगाच का कुणी सोन्याचे बारीक मणी गळ्याशी इतके दाट ओवत बसेल?

नऊवारीने मात्र गोंधळ घातला. तिसऱ्या दिवशी आक्का गावाला गेल्या होत्या, मी माझी मीच नेसून गेले. चौथऱ्यावर बसले आणि डावीकडून एक आर्त हाक आली, "काकूSS, निऱ्या!" त्या पोराने दोन दिवस गुडघ्यावरच्या चुण्या रंगवल्या होत्या, त्या आज तिथे नव्हत्याच. दुसऱ्याच कुठल्या तरी चुण्या दुसरीकडेच गेल्या होत्या. लुगडं रोज नवं पडतं, हे कुणी ध्यानात घेतलं नव्हतं. शेवटी सरांनी ठरवलं की कपडा एका दिवसात, एका बैठकीत उरकायचा, उरलेले दिवस चेहरा आणि हात. त्या दिवशी मी पाणी प्यायलाही उठले नाही. ओच्यातून निघालेली एक चुणी गुडघ्यावर चढते, तिथे ताणून सपाट होते आणि पलीकडे उतरताना तिच्या तीन होतात. एवढं सगळं माझ्या मांडीवर घडत होतं आणि मला फक्त खाली बघायला मनाई होती.

जेवणाच्या सुट्टीत गप्पा निघाल्या. मी सांगितलं, माहेरी भिंतीवर रविवर्म्याच्या चित्राचं कॅलेंडर होतं, हातात समई घेतलेली बाई, बोटांतून लाल उजेड येतोय. सर जेवता जेवता थांबले. "ते रविवर्म्याचं नव्हे हो. सगळे असंच म्हणतात. ते सावंतवाडीच्या हळदणकरांचं, आणि जलरंगात. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे." जलरंगात! चूक झाली तर खोडता येत नाही म्हणे त्यात, ऑइलसारखं वरून थापता येत नाही. आणि त्या चित्राला मॉडेल म्हणून उभी राहिली होती त्यांची स्वतःची मुलगी, गीता. पुढे त्या गीताताई उपळेकर इथेच, कोल्हापुरात राहत होत्या. २०१८ साली १०२ वर्षांच्या होऊन गेल्या. मी याच गावात. भाजी आणायला, देवळात, रंकाळ्यावर कितीदा जवळून गेले असेन, कुणास ठाऊक. घरातल्या भिंतीवरच्या बाईला गाव असतं, हे कधी सुचलंच नव्हतं. पुढच्या बैठकीत मी माझ्या हातांकडे जरा जास्त लक्ष दिलं.

शेवटचा दिवस. सर एकेका कॅनव्हाससमोर थांबून बोलत होते. एका पोरीने माझा चेहरा उजळ केला होता. अगदी गोरा नव्हे, पण गव्हाळ. पांढरा रंग सढळ हाताने घातलेला, नाकाची कड गोलसर केलेली, ओठांना गुलाबी. बाकी काम सफाईदार. मी बघितलं आणि माझ्या पोटात १९८७ साल हललं. सरांनी विचारलं, "हे कोण?"

पोरगी गप्प.

"काकूंवर पावडर का उडवलीस?"

"काकूंना बरं वाटंल म्हणून केलो सर." आमच्या कोल्हापुरात पोरीही 'केलो', 'आलो' म्हणतात. तिचे डोळे भरले होते. सरांनी पॅलेट नाइफ घेतली आणि गालावरचा ओला रंग एका ओढीत खरवडून काढला. खालून तिचाच पहिल्या दिवशीचा थर निघाला, बर्न्ट सिएनात दाबून केलेला, खडबडीत आणि बरोबर. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण पोझ मोडायची नव्हती. सुट्टी झाल्यावर तिला म्हटलं, "बाळा, बरं वाटायचं वय गेलं माझं, आता बरोबर दिसू दे." ती नाक ओढत हसली. संध्याकाळपर्यंत तिचं चित्र वर्गातलं सगळ्यात चांगलं झालं, असं माझं मत. सरांचं मत वेगळं होतं, त्यांच्या मते कान चुकला होता.

बारा चित्रं ओळीने भिंतीला लावून ठेवली. एकातही मी सुंदर नव्हते. एकात फार दमलेली होते, एकात कुणाला तरी रागावणार अशी, एकात हुबेहूब माझी आई. हा शेवटचा प्रकार मला जड गेला, मी तिथे फार वेळ थांबले नाही. ज्याने ते काढलं त्याने आईला कधी बघितलेलं नाही. त्याने फक्त अंतरं मोजली होती.

त्यानंतर महिनाभराने महाद्वार रोडला एका साडीच्या दुकानात गेले. मुलाने नेहमीप्रमाणे माझा चेहरा बघून फिक्या रंगांचा गठ्ठा पुढे ओढला. "काकू, तुमच्यावर हे खुलंल." मी म्हटलं, ते राहू दे, गडद दाखव. वांगी रंग, काळा, बाटलीहिरवा. त्याने नाइलाजाने काढले. मग मी साडी घेऊन दाराशी आले, रस्त्यावरच्या उजेडात. "काकू, आत लाइट हाय की," तो मागून ओरडतोय. त्याच्या त्या पिवळ्या दिव्यांत सगळंच खुलतं, त्याला काय सांगू. एक साडी डाव्या खांद्यावर, एक उजव्या, आणि मोबाइलचा पुढचा कॅमेरा. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत. मी हनुवटी खाली जाऊ दिली नाही. वांगी रंगाची घेतली, काठ लाल. लेकीला फोटो पाठवला तर तिचा उलटा मेसेज: कोण आहे ही?

फिकं सगळं टाकून दिलं असं मात्र नाही. अबोली अजून आहे, घरात नेसते. मुलायम झालीय आता.

आजोबांचा डोळा बरा झाला, ते परत आलेत. एके दिवशी मी भेटायला गेले तर चौथऱ्यावर बसल्या जागेवरूनच, ओठ न हलवता म्हणाले, "तुम्ही भिंतीवरचा खिळा धरला व्हता का न्हाई? खिळा धरायचा. त्येच्याशी बोलायचं. मान उतरत न्हाई." मी हे आधी विचारायला हवं होतं. समोरची पोरगी म्हणाली, "आजोबा, जबडा."

पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. या वेळी फक्त हातांचा अभ्यास, चेहरा नको म्हणाले. धान्य निवडताना, सूप हातात. मी विचारलं, काय नेसू? सर म्हणाले, काहीही चालेल ताई, पण तांदूळ आणा, आणि काळे उडीद पण आणा, दोन्ही लावून बघू.

निवडलेले उडीद मी पुन्हा खडे मिसळून ठेवलेत.